मोहितेकाकांचा वरचा खिसा

मोहितेकाकांना कॉम्प्युटर येत नव्हता. आमच्या कारखान्यात हे वाक्य लोक हसत हसत म्हणायचे. मला कधी हसू आलं नाही. माणूस सोन्यासारखा होता, पण त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची मला भीती वाटायची. ते बोट कीबोर्डवर फिरायचं, अक्षर शोधायचं, सापडलं की वर जायचं आणि दणकन खाली यायचं. तेवढा वेळ मी शेजारच्या टेबलावर हातातलं काम थांबवून बसलेली असायची. कारण त्या बोटाखाली कधी कधी माणूस असायचा.

हे समजायला आमचं काम थोडं सांगावं लागेल. बडोद्याला गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा रंगाचा कारखाना आहे. रंग ढवळायच्या मोठमोठ्या टाक्या आहेत, आत लोखंडी पाती फिरतात. एक रंग संपून दुसरा घ्यायचा असला की टाकी आतून खरवडावी लागते. त्यासाठी वरच्या तोंडातून माणूस आत उतरतो, दोन पात्यांच्या मध्ये वाकून उभा राहतो आणि खरवडतो. पात्यांचं बटण बंद असतं म्हणून तो जिवंत वर येतो. आमचं सगळं खातं, टाकीत उतरायची सगळी परमिटं, सगळ्या सह्या या एका गोष्टीसाठी आहेत की माणूस आत असताना ते बटण कोणी चालू करू नये.

त्या परमिटांचं काम माझ्याकडे. मी बी.एस्सी. झालेली आहे. बाबा रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूर, होते, आई शाळेत पाणी भरायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली आणि हे मी कोणालाही सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. कॉम्प्युटर मला कोणी घरी आणून दिला नव्हता. मांजलपूरच्या एका क्लासमध्ये, संध्याकाळी सगळे गेल्यावर रिकाम्या मशीनवर बसू देतात म्हणून तिथे झाडून काढून मी तो शिकले. त्यामुळे ‘मला नाही जमत’ असं म्हणून हात वर करणाऱ्या माणसाची मला दया येत नाही. तेव्हाही येत नव्हती.

मोहितेकाका शिफ्टचे इनचार्ज होते. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या पण कडक. पणजोबा बडोदा सरकारांच्या फौजेत होते. त्यांच्या पट्ट्याचं पितळी बक्कल शहरातल्या वाडी भागातल्या घरात अजून होतं आणि दसऱ्याला झेंडू वाहून त्याची पूजा व्हायची. काका बोलायचे मराठीच, पण आमच्या सगळ्यांच्या बडोद्याच्या मराठीसारखंच, अर्धं वाक्य गुजरातीत जाऊन परत यायचं. मला नावाने हाक क्वचित मारायचे. “काय ग्रॅज्युएट, जेवलीस ने?” असं म्हणत यायचे. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मला टोमणा वाटला असता. त्यांच्या तोंडून ती पदवी परत एकदा मिळाल्यासारखी वाटायची.

त्यांच्या गणवेशाच्या शर्टाला डावीकडे वरचा एक खिसा होता. तो त्यांनी वाडीतल्या शिंप्याकडून उसवून मोठा करून घेतला होता, दुहेरी शिलाईचा. कारखान्यात नवा आलेला माणूस पहिल्यांदा त्या खिशाकडेच बघायचा, कारण तो कायम फुगलेला असायचा. त्यात फोन असायचे. स्वतःचा एक आणि बाकीचे टाकीत उतरलेल्यांचे.

टाकीत वाफ असते, फोन आत नेता येत नाही. बाकीच्या शिफ्टमध्ये माणसं फोन कपाटात ठेवायची. काकांना ते मान्य नव्हतं. “फोन माझ्याकडे दे, मग आत जा,” म्हणायचे. स्वतः टाकीच्या तोंडाशी उपडा डबा टाकून बसायचे आणि आतल्या माणसाशी सारखं बोलत राहायचे. सासऱ्याची तब्येत, क्रिकेट, पोराची ट्यूशन, काहीही. आतून उत्तर यायला जरा उशीर झाला की उठून वाकून बघायचे. माणूस वर आला की त्याच्या हातात त्याचा फोन स्वतः द्यायचे. हे त्यांनी कोणाला शिकवलेलं मी ऐकलं नाही आणि का करता म्हणून कोणी विचारलेलंही ऐकलं नाही.

खिशातला फोन वाजला की काका उचलायचे. “हां भाभी, मोहिते बोलुं छुं. ए अंदर छे. बहार आवे एटले फोन करावुं छुं.” सगळ्यांच्या बायका त्यांना आवाजावरून ओळखायच्या. दिनेश म्हणून एक ठेकेदाराचा माणूस होता, टाकी खरवडण्यात सगळ्यांत तरबेज. त्याच्या बायकोला तर नवऱ्यापेक्षा काकांशी बोलायला आवडायचं. ती भाजी सांगायची आणि काका टाकीच्या तोंडात ओरडायचे, “दिनेश, कोथमीर आणि आलं. आलं विसरू नको म्हणते.”

तुम्हीच आणा म्हणून आतून घुमणारा आवाज यायचा, “तमे ज लई आवो ने काका, वाडीमां सस्तुं मळे छे.”

मग परमिटं कॉम्प्युटरवर आली.

आधी कागद होता आणि बटणाला लावलेल्या कुलपाची चावी काकांकडे असायची. आता चावी विजेच्या पॅनेल रूममधल्या एका पेटीत गेली. परमिट चालू असेपर्यंत कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या टाकीची ओळ लाल दिसणार आणि पेटी बंद राहणार. इनचार्जने ‘काम संपलं, माणसं बाहेर आली’ असं कॉम्प्युटरवर कबूल केलं की ओळ हिरवी होणार, पेटी उघडणार, इलेक्ट्रिशियन चावी घेऊन कुलूप काढणार आणि बटण टाकणार. चांगली पद्धत होती. मी स्वतः तिच्या बाजूने बोलले होते. कागदावर कोणीही मागाहून सही करायचं, ते यात चालणार नव्हतं.

पण कबूल करणारं बोट मोहितेकाकांचं होतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना माऊस दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, हात पुसले, माऊस धरला आणि टेबलाच्या कडेपर्यंत नेला. बाण पडद्याच्या मध्येच थांबला होता. “टेबल संपलं,” काका म्हणाले.

“उचला आणि परत मध्ये ठेवा.”

त्यांनी उचलला आणि हातात धरून पडद्याकडे बघत बसले, जणू आता तो काहीतरी बोलेल. मागे उभे असलेले सगळे हसले. काकाही हसले. मी हसले नाही, कारण टाकीची पेटी उघडणारा हात तोच होता.

पासवर्डची गोष्ट तर सगळ्या कारखान्यात झाली. त्यांनी बायकोचं नाव ठेवलं होतं, सुमन, आणि पुढे एक दोन तीन. खाली टाकीपाशी असले आणि वर कॉम्प्युटरवर काही करायचं असलं की ते जिन्यातून ओरडायचे, “अरे, कोण आहे वर? सुमन एक दोन तीन टाक आणि बघ काय म्हणतोय.” जो कोणी वर असेल तो टाकायचा. मी खाली जाऊन त्यांना समजावलं की ही तुमची सही आहे, ती अशी ओरडून वाटायची नसते.

“बायकोचं नाव काय लपवायचं? अख्ख्या वाडीला माहीत आहे.”

“काका, कोणीही तुमच्या नावाने परमिट बंद करेल.”

“कोण करेल? सगळी आपलीच माणसं आहेत ने.”

मी त्यांच्याकडून पासवर्ड बदलून घेतला. दुसऱ्या दिवशी जिन्यातून आवाज आला, “आता सुमन नाही रे, रश्मी टाक.” रश्मी म्हणजे त्यांची सुरतला दिलेली मुलगी. त्या दिवशी मी घरी गेले तेव्हा आईने विचारलं, चेहरा का असा? काय सांगणार होते? एक माणूस मुलीचं नाव मोठ्याने घेतो म्हणून मला भूक लागत नाही, असं?

सगळ्यांत वाईट होत्या त्या चौकटी. कॉम्प्युटर काही करायच्या आधी विचारतो ने, नक्की का, पुढे जायचं का. पडद्यावर अशी चौकट आली की काका खुर्चीत मागे सरकायचे. चौकटीत इंग्रजी असायचं आणि काकांचं इंग्रजी अक्षरं लावून वाचण्यापुरतं होतं. त्यांनी आपल्यापुरता एक नियम शोधून काढला होता. “हा भांडखोर आहे,” ते पडद्याकडे बोट करून म्हणायचे. “हो म्हटलं की जातो. नाही म्हटलं की परत येतो आणि डोकं खातो. म्हणून हो म्हणायचं.” आणि हो म्हणायचे. एकामागून एक, चौकट दिसेनाशी होईपर्यंत. असंच हो म्हणून त्यांनी एकदा ऐन शिफ्टमध्ये मशीन अपडेटला लावलं आणि ते कितीतरी वेळ नुसतं गोल फिरत बसलं. लोकांनी त्याची गंमत कँटीनमध्ये पुरवून पुरवून सांगितली. ती ऐकताना माझ्या हातातला चहा गार झाला. ज्या माणसाला ‘नाही’ म्हणायची भीती वाटते त्याच्या हातात आम्ही टाकीचं बटण दिलं होतं.

मी आमच्या मॅनेजरकडे, शाहसाहेबांकडे गेले. स्पष्ट सांगितलं, कोणीतरी मरेल. शाहसाहेब स्वतः मेलबरोबर आलेली फाईल उघडायला शिपायाला बोलवायचे, त्यामुळे त्यांना मी काय म्हणते ते अर्धंच कळलं. “बेन, ए तो जूना माणस छे,” म्हणाले. “तमे भणेला छो. तमे शीखवाडो ने.”

म्हणजे शिकलेली मी, तर शिकवायचंही मीच, माझ्यावरच आलं. जेवणानंतर कँटीनचा आवाज कमी झाला की काका येऊन बसायचे आणि मी शिकवायची. माझा आवाज चढायचा, ते मलाही कळायचं. काल सांगितलेलं आज नवीन असायचं. मला वाटायचं, मनावर घेत नाहीत. पोरगी शिकवते म्हणून ऐकत नाहीत. इनचार्जच्या खुर्चीत बसून हे चालतं तर आम्ही कशाला शिकलो?

मग एक दिवस मी त्यांच्या बोटाकडे नीट बघितलं. ते चौकटीपर्यंत जायचं, अडायचं आणि मागे यायचं. याच माणसाला मी थिनरच्या पेटलेल्या डब्याकडे भिजलेलं पोतं घेऊन चालत जाताना पाहिलं होतं. चालत, पळत नव्हे. पोतं टाकून, पायाने दाबून, मागे वळून ते म्हणाले होते, “चहा सांगा कोणीतरी.” त्या हाताचं बोट एका चौकटीसमोर मागे सरत होतं.

“काका, कशाची भीती वाटते?” मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “वंदना,” आणि त्यांनी नावाने हाक मारली तेव्हाच मला कळलं की आता थट्टा नाही, “आगीचं बरं असतं. आधी वास येतो, चटका लागतो, माणूस सावध होतो. हे दाबलं की आवाज येत नाही, वास येत नाही. झालं ते कुठे झालं? खाली? पॅनेलमध्ये? मला काहीच दिसत नाही. मी इथे बसून हो म्हणतो आणि तिकडे काय हलतं देव जाणे.”

“म्हणून वाचून हो म्हणायचं.”

“वाचायला लागलो की जास्त भीती वाटते गं.”

त्या दिवसापासून आम्ही दोघं एकाच गोष्टीला भीत होतो, एवढाच काय तो फरक पडला.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी हेड ऑफिसची माणसं आली होती, आमची पद्धत कशी चालते ते बघायला. शाहसाहेबांनी सकाळपासून सगळं चकाचक करून घेतलं होतं. मोठ्या पडद्यावर सगळ्या टाक्यांच्या ओळी दिसत होत्या. सगळ्या हिरव्या, एकच लाल. त्या टाकीत दिनेश होता आणि काम नेहमीपेक्षा लांबलं होतं. शाहसाहेबांना ती लाल ओळ पाहुण्यांच्या डोळ्यांना खुपेल असं वाटलं. त्यांनी खाली फोन लावला. “मोहितेभाई, उपर आवो ने. तमारुं एक लाल देखाय छे.”

काका टाकीच्या तोंडाशी दुसऱ्या माणसाला बसवून वर आले. घाम पुसत माझ्या शेजारच्या मशीनवर बसले. त्यांना फक्त बघायचं होतं, लाल का दिसतंय. हे ते नंतर सगळ्यांना सांगत राहिले आणि माझा त्यावर विश्वास आहे. त्यांनी त्या ओळीवर बाण नेला आणि दाबलं. चौकट आली. मी पाहुण्यांपैकी एका बाईंना मागच्या महिन्याची परमिटं काढून देत होते, माझं अर्धं लक्ष तिकडे. कानावर नुसतं दणकन वाजणारं बोट येत होतं. एकदा. परत. परत एकदा.

“गेलं लाल,” काका म्हणाले. आवाजात सुटल्याचं समाधान होतं.

मी माझ्या पडद्याकडे बघितलं. ओळ हिरवी होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, दिनेश बाहेर आला वाटतं.

तेवढ्यात काकांच्या वरच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी काढला. पाठीवर माताजीचं स्टिकर असलेला फोन, मी तो शंभर वेळा पाहिला होता. काकांनी सवयीने कानाला लावला. “हां भाभी, मोहिते बोलुं छुं. ए अंदर छे.”

आणि ते थांबले.

आत आहे. ते वाक्य त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मी माझ्या. आमची नजरानजर झाली. पुढच्या क्षणी खुर्ची मागे पडली आणि ते जिन्यावर होते, कानापासून फोन लांब, पण हातात तसाच चालू.

मी पॅनेल रूमला फोन लावला. भूपत इलेक्ट्रिशियनने उचलला. त्याचा आवाज अगदी रोजचा होता. “हां बेन, पेटी खुली गई. ताळुं काढ्युं. चालू करुं छुं.”

“भूपत, अंदर माणस छे.”

“ना बेन, सिस्टममां तो ग्रीन छे.”

“दिनेश अंदर छे. हात काढ तिथून.”

“पण ग्रीन छे ने,” तो परत म्हणाला. हट्टाने नाही. त्याला खरंच कळत नव्हतं की मी असं का बोलते. त्याला जे शिकवलं होतं तेच तो बघत होता, आणि शिकवलं मीच होतं, की माणसाच्या शब्दावर जाऊ नको, पडद्यावर जा. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी एवढी कधी घाबरले नाही. मी मराठी, गुजराती, हिंदी, काय काय बोलले मला आठवत नाही. शेवटी मी म्हटलं, “भूपत, मोहितेकाका खाली धावत गेलेत.”

हे त्याला कळलं. मोहितेकाका धावत नसत. पलीकडून पावलांचा आवाज आला, मागे सरकल्याचा. “दूर ऊभो छुं बेन,” तो म्हणाला. “हात नथी लगाड्यो.”

मी खाली गेले तेव्हा काका टाकीच्या तोंडावर पालथे पडल्यासारखे वाकले होते. “दिनेश, बोल.”

“शुं बोलुं?” आतून आवाज आला.

“काहीपण बोल. बोलत बोलत वर ये.”

“हजी थोडुं बाकी छे, काका.”

“राहू दे. ये वर. बोल ने, काय बोलतोयस, बोल.”

आतून दिनेश सांगू लागला, की खालच्या पात्याला रंग फार बसलाय, की मागच्या शिफ्टवाले नीट धूत नाहीत, की आज भूक लवकर लागली. तो आवाज शिडीवरून एक एक पायरी वर येत होता आणि काका प्रत्येक वाक्याला “हां, मग, मग?” म्हणत होते. दिनेश बाहेर आला. भुवयांपर्यंत पिवळा रंग. काठावर बसून त्याने मास्क काढला आणि नेहमीसारखा हात पुढे केला.

काकांनी फोन पुढे धरला, पण त्यांची बोटं सुटेनात. दिनेशने ओढला. “काका, छोडो ने.” त्याला वाटलं थट्टा करताहेत. फोन अजून चालू होता. आतून बारीक आवाज येत होता, “हॅलो, हॅलो, भाई?” दिनेशने त्यांची बोटं एकेक करून उचलली आणि फोन कानाला लावला. “हां, बोल. शुं लाववानुं छे?”

संध्याकाळी शाहसाहेबांनी आम्हाला केबिनमध्ये घेतलं. पाहुणे बाहेर चहा घेत होते, त्यांना अजून काही कळलं नव्हतं. शाहसाहेब हळू आवाजात म्हणाले, “कंई थयुं तो नथी ने. आपणे अंदर अंदर जोई लईशुं.” आपसातच मिटवायचं म्हणत होते. मी तोंड उघडलं, पण काका आधीच उठले होते. ते पाहुण्यांच्या समोर जाऊन उभे राहिले, दसऱ्याला त्या बक्कलासमोर उभे राहत असतील तसे, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, “मैंने पढा नहीं और दबा दिया. अंदर आदमी था.”

त्यांच्या बाजूने मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतं. नंतर कँटीनमध्ये लोक म्हणू लागले, बिचाऱ्या म्हाताऱ्याला कॉम्प्युटरने फसवलं. मी प्रत्येक वेळी उठून सांगितलं की कॉम्प्युटरने विचारलं होतं. विचारूनच केलं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासमोर तो प्रश्न ठेवला, तो माणसांनी. शाहसाहेबांच्या कानावर हे गेलंच असणार. जाऊ दे.

पद्धत बदलली. आता टाकीतून बाहेर आलेला माणूस स्वतः अंगठा लावतो, त्याशिवाय पेटी उघडत नाही. पण त्याआधीच काका शाहसाहेबांकडे जाऊन म्हणाले होते, “माझं नाव यातून काढा.” शाहसाहेबांनी समजावलं की नाव काढलं तर इनचार्ज राहता येणार नाही, निवृत्तीला थोडेच दिवस आहेत, खुर्ची कशाला सोडता. काकांनी ऐकलं नाही. पणजोबांपासून कोणीतरी कशाचा तरी नायक असलेल्या घरातला तो माणूस खाली टाकीच्या तोंडाशी नुसता राखणदार म्हणून बसू लागला. उपडा डबा, मोठा खिसा, आत फोन. फक्त बोलणं कमी झालं. पूर्वी ते गप्पा मारायचे, आता नुसतं विचारायचे, “आहेस ने?” आतून “छुं” आलं की थोडा वेळ शांत, की परत, “आहेस ने?” जाणार कुठे म्हणून दिनेश वैतागायचा. “काका, जाऊं क्यां?”

मग एक दिवस जेवणानंतर ते माझ्या टेबलापाशी आले. “चल ग्रॅज्युएट, शिकव.”

“आता कशाला?”

“आता माझ्या बोटाखाली कोणी नाही. आता शिकता येईल.”

सगळं नाहीच आलं. माऊस शेवटपर्यंत टेबलावरून खाली जायचा. पण चौकट वाचायला मी त्यांना शिकवलं. एक एक शब्द, ओठ हलवत, बोट पडद्यापासून लांब मांडीवर ठेवून. एका चौकटीला ते इतका वेळ लावायचे की मला परत पूर्वीसारखा राग यायचा. मी पेन टेबलावर आपटायची. ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, “थांब. वाचतोय.” निरोपाच्या दिवशी कारखान्याने त्यांना टॅब्लेट भेट दिला. ही कल्पना कोणाची होती मला माहीत नाही. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि न उघडता सुमनकाकूंच्या पिशवीत ठेवला.

त्यानंतर एकदाच दिसले. बाबांना गाडीत बसवून मी बडोदा स्टेशनच्या बाहेर पडत होते. तिकिटाच्या मशीनसमोर रांग तुंबली होती आणि सगळ्यांत पुढे ती ताठ पाठ. काकांच्या पायाशी पिशवी होती, बहुतेक रश्मीकडे सुरतला निघाले असावेत. पडद्यावर चौकट आली होती. काका ओठ हलवत ती वाचत होते. गाडीची घोषणा चालू झाली. मागच्या तरुण माणसाने एकदा घड्याळ बघितलं, एकदा छताकडे बघितलं.

“काका, यस दबावी दो ने. गाडी जती रहेशे.”

“वांचवा दे, भाई,” काका वळले नाहीत.

मी पुढे जाऊन दाबू शकले असते. मी खांबापाशी थांबले. चौकट त्यांनी शेवटपर्यंत वाचली, परत पहिल्या शब्दापासून वाचली. मग त्यांचा डावा हात वर गेला. साधा घरचा शर्ट होता, खिसा साधा होता. त्यांनी तो वरून चाचपला, आत दोन बोटं घालून फोन बाहेर काढला, उलटा करून बघितला की तो आपलाच आहे, परत ठेवला. आणि मग दाबलं.